जाडे पाटे

तारापूरचा एकनाथ जातीचा कोळी, पण बोटीवर पाय ठेवला की ओकायचा. गावाने हसून घेतलं. शेवटी त्याने लिलावातली जुनी जीप घेतली. बायकांची मासळी बोईसर स्टेशनावर पोचवायची, येताना बर्फ आणायचा.

पुढे अणुशक्तीचं काम निघालं आणि ट्रकांनी रस्त्याची पार चाळण केली. भरलेली जीप मोरीमोरीला बूड टेकू लागली. बोईसरच्या नागोराव मिस्त्रीने मागच्या चाकांवरच्या कमानींत दोन-दोन जाडे पोलादी पाटे वाढवून दिले.

"रिकामी नेऊ नको. हाडं खिळखिळी होतील," त्याने बजावलं.

"रिकामी नेतंय कोन?" एकनाथ हसला.

आणि काय चालू लागली ती! आठ टोपल्या लादल्या तरी मागे बसायची नाही, वळणावर कलायची नाही, खड्ड्यात अलगद उतरून वर यायची. भेटेल त्याला एकनाथ हेच ऐकवायचा. लोक विटले.

त्याची एकुलती लेक हिरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मासळीच्या वासाने तिला उमळून यायचं, म्हणून तो जीप दारापासून लांब लावायचा. आठव्या महिन्यात एका सकाळी तिच्या अंगावरून रक्त जाऊ लागलं. सुईण रंभाबाई म्हणाली, "पालघरला ने, आताच्या आता!"

जीप मासळीने भरलेली होती. एकनाथने भराभर टोपल्या उतरवल्या, बादलीभर पाण्याने फळ्या धुतल्या, वर गोधडी अंथरली. लेकीला वास येऊ नये, एवढंच त्या बापाच्या डोक्यात.

गाव सुटलं आणि जीप उधळली. खड्डा आला की मागची चाकं उडायची, आपटायची. जोरात हाकली की हिरा किंचाळायची. हळू हाकली की तिच्यापाशी बसलेली रंभाबाई ओरडायची, "रगत थांबत नाय!" नागोरावाचं बोलणं एकनाथला तेव्हा आठवलं. आठवून काय उपयोग?

हिरा वाचली. मूल पोटातच गेलं होतं. डॉक्टरांनी कुणाला बोल लावला नाही.

आठव्या दिवशी एकनाथ तिला न्यायला आला, तेव्हा जीपमध्ये रेतीची सहा पोती होती. त्यांच्यावर गोधडी टाकून त्याने लेकीला निजवलं. तोच रस्ता, तेच खड्डे. जीप संथ चालली होती.

बोईसर मागे पडल्यावर हिराने विचारलं, "बाबा, जाताना अशी का नाय चालली?"

एकनाथ गाडी हाकत राहिला.