आरशांनी वारा अडतो म्हणे

मित्रहो, एक गंभीर तक्रार आहे. ऑफिसला निघताना मी मोटारसायकलच्या आरशात बघून भांग पाडतो. आज दोन्ही आरसे गायब.

चोर घरातच निघाला. आमची कन्या, इंजिनिअरिंगला आहे.

"बाबा, आरशांनी वारा अडतो. टॉप स्पीड मिळत नाही."

आजीने दसऱ्याला बांधलेली लिंबू-मिरचीसुद्धा तिने काढली होती.

"लिंबानेही अडतो का गं?"

"थोडा अडतोच."

दर रविवारी सकाळी ही आणि हिच्या कॉलेजची मंडळी पिंपळगावच्या पुढे हायवेवर जातात आणि पेट्रोलच्या टाकीवर पालथं पडून गाडी जास्तीत जास्त किती पळते ते बघतात. वाहता हायवे. कांद्याचे ट्रॅक्टर कुठूनही आडवे येतात. वेगच मोजायचाय तर बंद रस्ता शोधा, एवढं शास्त्र या विद्वानांना कुणी शिकवलं नाही?

"आणि मागून काही आलं तर दिसणार कसं?"

"आमच्यापेक्षा जोरात कोण येणार, बाबा?"



गाडीची किल्ली लपवली आहे, पण तिला मैत्रिणीची गाडी मिळेलच. तुमच्याकडे असं कुणी असेल तर काय करता? रविवारी ती बाहेर असताना फोन वाजला, की मला तो उचलायची भीती वाटते.