साहेबांच्या डोक्यातली एकी

धुकं असं दाटलं होतं की प्रयोगशाळेची खिडकी कितीदा पुसली तरी बाहेरचं काही दिसेना. ताईनं फळांचा रस गाळला, नवी नळी जोडली आणि साहेबांना खुर्चीत बसवलं. साहेब म्हणजे माकड. अख्ख्या खात्यात हजेरीला पक्का असा हा एकच, असं ती आईला सांगायची.

पडद्यावर ठिपका चमकून विझायचा. तो कुठं होता ते साहेबांनी जरा वेळ ध्यानात ठेवायचं, मग नजर तिकडं वळवायची. बरोबर आलं की रस. त्यांच्या मेंदूतल्या पेशींची बडबड ताई टिपायची. ठिपका तोच, तरी पेशी कधी फार बोलत, कधी कमी; एखादीचा सूर चढला की शेजारणीही री ओढत. पण ठिपका ध्यानात धरताना हे री ओढणं ओसरायचं. याच शोधावर ताईची हंगामी नोकरी कायम होणार होती. सरांनी बैठकीत हे सांगून मान डोलावली, तेव्हा सगळ्यांच्याच माना डोलल्या. तिथं ध्यानात धरायचं काही नव्हतंच म्हणा.

जुनी नळी तुंबायची, म्हणून ठिपका विझताच ताई तिला चिमटा काढायची. टक् वाजायचं. नव्या नळीला चिमटा लागला नाही, आणि पेशींची एकी म्हणावी तशी मोडेना. टक् ऐकून साहेबांची पेंग उडत होती की काय? पेंगेत पेशी मिळूनच डुलतात. पुढचे काही दिवस तिनं मुद्दाम चिमटा कधी काढला, कधी नाही. मग सरांकडे गेली.

"सर, निम्मी करामत माझ्या चिमट्याची आहे."

"उरलेली निम्मी तरी स्मरणाची ना?"

"ती खरी. पण आपल्या लेखात सगळीच स्मरणाच्या नावावर आहे."

सरांनी चष्मा काढला. "नळी आत्ताच बदलायची होती?"

"जुनी साहेबांनी चावली."

"म्हणजे पहिला आक्षेप त्यांचाच." सरांनी तो पुसून पुन्हा चढवला. "सगळं पुन्हा टिपावं लागेल, ताई. तोवर तुम्ही हंगामीच."

"साहेबही हंगामीच आहेत, सर. त्यांची कुठं तक्रार आहे?"

ती परतली तेव्हा साहेब पेंगत होते. नव्या नळीतही रस वाळून चिकटला होता. ताईनं बाह्या वर केल्या, गरम पाणी सोडलं आणि ब्रश घालून नळी घासायला घेतली.