सुरतेत कुपनाच्या ताटावर दिलेली टिप

नाशिकहून सुरतेची एस. टी. सकाळी सव्वासहाला सुटते असे फलकावर लिहिले होते. ती सहा वाजून बावन्न मिनिटांनी सुटली. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. पुढे कोणाला जायचे असेल तर त्याने डबा घाईघाईत भरू नये, एवढ्यासाठी लिहितो.

आम्ही दोघेच होतो, मी आणि माझी पत्नी सुमन. मुलगी सासरी, मुलगा शिकायला बाहेर. शहरातल्या एका प्रदर्शनात एका प्रवासी कंपनीच्या गाळ्यावर 'भोजनासह सुरत' अशी योजना दिसली. दोन रात्री, तीन दिवस, राहणे आणि जेवण यांचे पैसे आगाऊ भरायचे. पैसे भरल्यावर बारा कुपने मिळाली. पिवळी चार नाश्त्याची, गुलाबी आठ जेवणाची. पाटबंधारे खात्याच्या हिशेब विभागात माझी चोवीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे मी ती तिथेच दोनदा मोजली. गाळ्यावरचा माणूस म्हणाला, "काका, खिशात हात घालायची वेळच येणार नाही." हे वाक्य मी तेव्हा गंभीरपणे घेतले.

सापुताऱ्याच्या घाटात पुढच्या बाकावरच्या गृहस्थांना उलट्या झाल्या. त्यांनी खिडकी गाठली, पण खिडकी उघडत नव्हती. अधिक लिहीत नाही. घाट उतरल्यावर उसाची शेते लागली. बारडोलीनंतर रस्ता रुंद झाला आणि कडोदऱ्याला पोहोचलो तेव्हा यंत्रमागांची खडखड बसच्या आवाजावरही ऐकू आली. एका सायकलवर माणूस दिसत नव्हता, फक्त साड्यांचे गठ्ठे चालले होते.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या त्या प्लेगच्या साथीमुळे आमच्या शेजाऱ्यांनी "सुरतेला कशाला?" असे विचारले होते. त्यांच्या माहितीसाठी सांगतो, आमच्या गल्लीपेक्षा तिथला रस्ता स्वच्छ होता. संक्रांत नुकतीच झालेली, त्यामुळे प्रत्येक झाडावर फाटके पतंग होते. रिक्षात बसताना लोंबणाऱ्या मांज्यात माझा चष्मा अडकला आणि रिक्षा निघाली. चष्मा जागेवर राहिला, मी पुढे गेलो. रिक्षावाल्याने मागे येऊन तो झाडावरून काढून दिला.

हॉटेल चांगले होते. रात्री जेवायला गेलो तर टेबल क्रमांक सात आमच्यासाठी राखीव. पस्तिशीचा, बारीक मिशीचा वेटर शांतपणे वाढत होता. उंधियू (वांगी, कंद, वाल आणि मेथीचे मुटके घालून केलेली हिवाळ्यातली भाजी), रोटली, कढी, गोड डाळ. डाळीत गूळ का घालतात हे मी विचारले नाही, कारण ते आगाऊ भरलेल्या पैशांत होते.

जेवण झाले आणि अडचण सुरू झाली. एरवी बिल येते, बिलाबरोबर बडीशेपेची बशी येते, त्या बशीत आपण सुटे पैसे ठेवतो आणि इकडेतिकडे बघत उठतो. इथे बिल नाही, म्हणून बशी नाही. बडीशेप दाराशी वाडग्यात ठेवलेली. वेटरने दोन गुलाबी कुपने फाडून घेतली आणि तो गेला.

"टिप कशाच्या किती टक्के द्यायची?" मी सुमनला विचारले.

"अहो, पत्रकात बक्षिसीसह लिहिलंय ना?"

लिहिले होते खरे. पण बक्षिसी म्हणून किती रुपये धरले, ते कोणाला मिळतात, हे लिहिले नव्हते. ज्या रकमेला आकडा नाही ती रक्कम मी दिली असे मानत नाही. गल्ल्यामागच्या फळ्यावर बिनकुपनाच्या थाळीचा दर चाळीस रुपये होता. दोघांचे ऐंशी, दहा टक्के आठ. मी पाचाची एक नोट आणि तीन नाणी ताटाच्या कडेखाली ठेवली आणि उठलो.

सकाळी जिना उतरलो तर मॅनेजरने हाक मारली. "साहेब, आ तमारा पैसा रही गया हता." (तुमचे पैसे राहून गेले होते.) त्याने हरवलेल्या वस्तूंची वही काढली. 'टेबल सात, ताटाखाली, रोख आठ रुपये.' त्याच्या वरच्या ओळीत 'कवळी, एक, खालची' अशी नोंद होती. कुपनाच्या टेबलावर आजवर कोणी पैसे ठेवलेच नव्हते, म्हणून टेबल पुसणाऱ्याने ते विसरलेले समजून प्रामाणिकपणे जमा केले होते.

"ही टिप आहे," मी म्हणालो.

"टिप तो सब आ गया साहेब, पॅकेज में."

"किती?"

"सब."

"वेटरला मिळते?"

मॅनेजरने इकडेतिकडे पाहिले आणि खरे ते सांगितले. कंपनीकडून वेटरला वेगळे काही येत नाही. उलट, टिप मिळाली की वेटर ती टेबलाच्या क्रमांकाची चिठ्ठी लावून गल्ल्यावरच्या पेटीत टाकतो. आठवड्याने पेटी उघडते. पैसे ज्याचे त्याला मिळतात आणि चिठ्ठ्या बघून मॅनेजर टेबले वाटतो. ज्याच्या चिठ्ठ्या जास्त त्याला बिलाची टेबले, ज्याची एकही नाही त्याला कुपनाची.

"म्हणजे कुपनाच्या टेबलावरचा माणूस कायम तिथेच?"

"बे महिना थी ए ज छे," (दोन महिन्यांपासून तोच आहे,) असे म्हणून त्याने आमच्या वेटरकडे बोट दाखवले. "पण मी तुमच्या हातून टिप घेऊ शकत नाही. कंपनी म्हणेल, पाहुण्यांकडून जादा पैसे घेतले. वेटरने घेऊन पेटीत टाकावे. पेटी उद्या संध्याकाळी उघडणार."

मी सही करून आठ रुपये परत घेतले. आमची बस दुसऱ्या दिवशी तीनला होती. तोवर या माणसाच्या नावाची एक चिठ्ठी पेटीत पडायला हवी होती. मला तरी हे सोपे वाटले.

दुपारी जेवायला बसलो. वेटर आमच्याकडे येता येता दुसऱ्याला हळूच म्हणाला, "सातवर तू जाय ना भाऊ. कुपनवाला शेतस. आठे काई भेटत नई." (कुपनवाले आहेत. इथे काही मिळत नाही.)

सुमनने मान वर केली. तिचे माहेर साक्रीकडचे. लग्नाला सव्वीस वर्षे झाली, पण अहिराणी कानावर पडली की ती नाशिकची राहत नाही.

"भेटी, भाऊ, भेटी," ती म्हणाली. "पहिले वरन तं लई ये!" (मिळेल. आधी वरण तर आण!)

त्याच्या हातातली पळी कढीत पडली. मग दोन मिनिटे मला कोणी विचारले नाही. कोणते गाव, कोणती गल्ली, कोणाची मुलगी. "भिका मास्तरनी पोर? आक्का!" तो ओरडला. गाव एकच होते. तो रघुनाथ. आठ वर्षांपूर्वी यंत्रमागावर आला, कानात सारखी खडखड राहू लागली म्हणून हॉटेलात लागला. सुरतेतच, डिंडोलीला खोली. भिका मास्तरांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याला उजळणी येत नाही म्हणून बाकावर उभे केले होते. हे त्याने फार अभिमानाने सांगितले.

मी योग्य वेळ साधून आठ आणि आठ सोळा, आणि नाश्त्याचे तीन, असे एकोणीस रुपये त्याच्यापुढे धरले. नाश्ता माणशी पंधरा रुपये होता.

तो विस्तवावर पाय पडल्यासारखा मागे सरला. "दाजी, काय करी ऱ्हायनात! जवाईना पैसा लिसू? गावमा तोंड दखाडाले जागा ऱ्हावाव नई!" (जावयाचे पैसे घेऊ? गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही!)

हे मला आधीच सुचायला हवे होते. त्या गावात लेकीचा नवरा एका घराचा नसतो, गावाचा जावई असतो. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी तिथे गेलो होतो. न्हाव्याने दाढीचे पैसे घेतले नाहीत. मी दुसऱ्या दिवशी लपून शेजारच्या गावी दाढीला गेलो, तर तोही त्या न्हाव्याचा चुलतभाऊ निघाला.

त्यानंतर प्रकरण हाताबाहेर गेले. कुपनावर एक गोड पदार्थ होता. रघुनाथने तीन आणले. रोटलीवर तूप ओतले, वाटीत तूप ओतले, मी हात आडवा धरला तर हातावर ओतले. जादा पदार्थांचे पैसे तो स्वतःच्या नावावर मांडत होता. म्हणजे ज्या रकमेवर दहा टक्के काढायचे ती रक्कम वाढत होती, आणि घेणारा दूर पळत होता.

संध्याकाळी डुमसच्या समुद्रावर गेलो. वाळू काळी आहे. टोमॅटोची भजी खाल्ली, ती इतकी गरम होती की माझी जीभ उरलेला प्रवास नुसती हजर होती. पोंक (आपल्या हुरड्यासारखा, वर शेव आणि लिंबू) सुमनला फार आवडला. मला समुद्रावर लक्ष देता आले नाही.

"तू त्याच्या मुलांच्या हातावर ठेव," मी सुचवले.

"मुलं गावाला गेलीत. आणि ठेवले तरी तो आत्याचा खाऊ होईल, पेटीत कसा पडेल? माझ्या माहेरच्या नात्यात तुमची टक्केवारी घालू नका."

"मग त्याने कायम कुपनावरच राहायचं?"

ती भजे खाता खाता थांबली. "त्याला बाकीचे कुपनराजा म्हणतात. मला सांगितलं त्याने. हसत सांगितलं, पण सांगितलं."

रात्री पुन्हा प्रयत्न केला, तो स्वयंपाकघरात पळाला. सकाळी लोचोच्या (वाफवलेल्या डाळीच्या पिठाचा मऊ नाश्ता, वर तेल आणि शेव) वेळी केला, तर त्याने लोचोची दुसरी बशी आणून माझे दोन्ही हात अडकवले. मी खोलीत जाऊन हिशेब पुरा केला. चार जेवणांचे बत्तीस, दोन नाश्त्यांचे सहा, जादा पदार्थांवर सहा. एकूण चव्वेचाळीस. सुटे करून ठेवले.

शेवटचे जेवण. ताट आले. मी खुर्ची मागे सरकवली, हाताची घडी घातली आणि भिंतीकडे तोंड करून बसलो.

"दाजी, जेवा ना."

मी बोललो नाही.

"भाजी खारट शे का?"

मी बोललो नाही. सुमनने माझ्याकडे निरखून पाहिले आणि पदराने तोंड झाकले. मग ती रघुनाथला गंभीर आवाजात म्हणाली, "दाजी रुसनात."

त्या भोजनगृहात निम्मे वेटर खानदेशातले होते. जावई रुसला म्हणजे काय, हे कोणाला समजवावे लागले नाही. तिघे वाढणे टाकून आले. आचारी झारा घेऊन बाहेर आला. शेजारच्या टेबलावरचे कुटुंब खुर्च्या वळवून बसले.

"लगीनमा रुसले व्हतात का?" आचाऱ्याने चौकशी केली.

"नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच," सुमन म्हणाली.

"मंग मोठं मांगतीन," एकजण म्हणाला. "घड्याय नई ते सायकल." (घड्याळ नाही तर सायकल.)

रघुनाथचा चेहरा उतरला. मॅनेजर धावत आला. "शुं थयुं? (काय झाले?) खाना ठीक नहीं?"

"जमाई रूठ गया है, सेठ."

मॅनेजरने माझ्याकडे आदराने पाहिले. त्यालाही दोन मुली होत्या. "तो मना लो," तो रघुनाथला म्हणाला. "जल्दी. उंधियू थंडा हो रहा है."

रघुनाथ हात जोडून उभा राहिला. "दाजी, काय पाहिजे ते सांगा. जमेल तसं देईन, हप्त्याने देईन."

मी खिशातून चव्वेचाळीस रुपये काढून टेबलावर ठेवले. "हे तू घ्यायचे. घेतल्याशिवाय मी जेवणार नाही."

जावयाचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि रुसलेला जावई मागेल ते नाकारायचे नाही. दोन्ही रीती त्याच्याच गावच्या. तो एकदा पैशांकडे आणि एकदा सुमनकडे पाहू लागला. शेवटी निकाल तिने दिला. "जवाई मांगस ते देनंच पडस. त्यास्नं मांगनं हाई शे, का तू पैसा लेवाना." (जावई मागतो ते द्यावेच लागते. त्यांचे मागणे हे आहे, की तू पैसे घ्यायचे.)

रघुनाथने दोन्ही हातांनी पैसे घेतले, कपाळाला लावले. चिठ्ठीवर 'सात' लिहिले आणि ती पैशांसकट पेटीत टाकली. आचाऱ्याने झाऱ्यावर उलथणे आपटून आनंद व्यक्त केला. मी जेवलो. डाळ त्या दिवशीही गोडच होती.

तीनच्या बसला रघुनाथ पोहोचवायला आला. खिडकीतून त्याने एक पुडके माझ्या मांडीवर टाकले. नारळ, टॉवेल आणि टोपी. जावयाचा रुसवा काढल्यावर त्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत म्हणे. टॉवेल दाट होता, साठ रुपयांचा सहज असेल. मी परत द्यायला गेलो तेवढ्यात सुमनने माझा हात दाबला. "आता पुन्हा रुसता येणार नाही हं. एका मुक्कामात एकदाच." बस सुटली, वेळेवर.

पंधरा दिवसांनी त्याचे कार्ड आले. तीन टेबले मिळाली आहेत, तिन्ही बिलाची. खाली लिहिले होते, 'दाजींना सांगा, सातवर आता दुसरा आहे.'

कार्यालयातले एक सहकारी याच योजनेने जाणार आहेत. कुपनाच्या जेवणाला टिप किती द्यावी, असे त्यांनी मला विचारले. मी सांगितले, फळ्यावरच्या दराच्या दहा टक्के, प्रत्यक्ष वेटरच्या हातात. पत्रकावर विसंबू नका. आणि पैसे आधी द्या, गाव नंतर विचारा.

"आणि गाव आधी कळलं तर?"

"मग रुसायची तयारी ठेवा," मी म्हणालो. "आणि बॅगेत टॉवेलापुरती जागा."