यादीतून काढलेला लेख

जयनगरच्या झेरॉक्सच्या दुकानात तापलेल्या कागदाचा वास आला, की मला आमची प्रयोगशाळा आठवते. त्या दिवशी माझा शोधनिबंध संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. नियतकालिकाकडून तो तपासणाऱ्याने स्वतःचा लेख संदर्भांत घालायला लावला होता, आणि यादीची मर्यादा तर आधीच भरलेली. संदर्भ नीट लावत बसलेल्या माझ्या विद्यार्थिनीला मी म्हणालो, "तुझा काढ." ती तिच्या कानडीमिश्रित मराठीत गयावया करू लागली, "सर, स्वल्प थांबा ना! माझा एकच तर लेख आहे. तो कुणी वापरला, हे मुलाखतीत दाखवायला माझ्याकडे दुसरं काहीच नाही." "काढ म्हणतो ना!" तिने स्वतःच्या हाताने ती ओळ पुसली. खालचे आकडे आपोआप वर सरकले. त्या निबंधातली पद्धत मुळात तिची आहे. आज ती पद्धत माझ्या नावाने शिकवतात, आणि हे सांगायला मला ती मुलगी कुठेच सापडत नाही.