मधलं हाड आणि अर्धा सेंटिमीटर

गाठ इतकी आवळलेली होती की सिस्टरला ती बोटांनी सुटेना. तिने कात्री मागितली. पेशंट तपासणीच्या टेबलावर बसून चक्क हसत होती. छातीभोवती जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्याचे सहा-सात वेढे. दोन्ही काखांखाली कपड्याच्या गुंडाळ्या दाबून बसवलेल्या, बायका डोक्यावर हंड्याखाली चुंबळ ठेवतात तशा.

"हे काय आहे? मी दिलेली ब्रा कुठे गेली?"

"घरी हाये, मॅडम. तिनं काई फरक पडत नव्हता. तुम्ही पाहा तं खरं, आले का नाई जवळ!"

शेवटचा वेढा निघाला. जवळ आले होते खरे. इतके, की दोन स्तनांच्या मधली जागाच उरली नव्हती. छातीच्या मधल्या हाडावर कातडी कशी चिकटून असते, ते आपल्या छातीवर बोट ठेवून बघा. हिची कातडी तिथून उचलली जाऊन ताणली गेली होती. उजव्या बाजूला सुपारीएवढा डाग काळानिळा पडला होता. मी त्यावर बोट दाबलं, सोडलं. रंग परत आला नाही. म्हणजे तिथे रक्त पोचत नव्हतं.

मी खामगावात प्लास्टिक सर्जन आहे. प्लास्टिक सर्जरी म्हटलं की लोकांना नट्यांची नाकं आठवतात. माझ्याकडे येतात ते थ्रेशरमध्ये गेलेले हात, भाजलेल्या बाया आणि फाटलेल्या ओठांची लेकरं. स्तन मोठे करायची ऑपरेशन्स वर्षाला चार-पाच, तीही गुपचूप आलेली. वैशाली म्हणू या हिला. वय बत्तीस, जळगाव जामोदला एका कॉलेजात क्लार्क. दोन मुलांना पाजून झाल्यावर छाती पार सपाट झाली होती. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "हे कोणासाठी? नवरा म्हणाला का?"

"तो बिचारा म्हणते, कायले पायजे. मले पायजे. माह्यासाठी."

उत्तर मला आवडलं. मग तिने मोबाइलवर एका लग्नातला कोणाचा तरी फोटो दाखवला आणि गळ्याखालच्या रेघेवर बोट ठेवलं. "अशी रेघ आली पायजे मधात."

मी तिला आरशासमोर उभं केलं आणि टेपने मोजलं. तिच्या दोन स्तनांच्या मुळांमध्ये चार सेंटिमीटर अंतर होतं. जरा जास्तच. त्यात बरगड्यांचा पिंजरा पुढे गोलाकार, त्यामुळे दोन्ही बाजू थोड्या बाहेर बघणाऱ्या. मी तिला समजावलं की इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनची पिशवी. ती छातीच्या मोठ्या स्नायूखाली एक खिसा करून त्यात ठेवायची. हा स्नायू मधल्या हाडाच्या कडेला शिवल्यासारखा धरलेला असतो. ती धरलेली जागा ही आमची हद्द. तिच्या अलीकडेच थांबायचं. हद्द कापली तर पिशव्या मध्यभागी सरकतात, दोन खिशांचा एकच होतो आणि दोन स्तनांऐवजी छातीवर एक आडवा उंचवटा दिसतो. हाड किती रुंद, स्नायू कुठे धरलेला, हे जन्माने ठरतं. सर्जन भराव घालू शकते, हाड हलवू शकत नाही.

"म्हणजे जवळ येणारच नाई?"

"थोडे येतील. ब्रा घातली की रेघ दिसेल. नुसती नाही."

ती बराच वेळ आरशात बघत राहिली. मग संमतीपत्रावर सही केली.

ऑपरेशन नीट झालं. आठव्या दिवशी टाके छान होते. मी तिला ऑपरेशननंतर घालायची खास ब्रा दिली, जड उचलायचं नाही म्हणून बजावलं आणि दोन आठवड्यांनी बोलावलं. त्या दोन आठवड्यांत ती आईकडे वरवट बकालला राहिली. तिथेच हे लुगडं गुंडाळलं गेलं.

आई बाहेर बाकावर बसली होती. मी तिला आत बोलावलं. साठीची काटक बाई, कपाळावर मोठं कुंकू. गावातल्या बाळंतिणींचं पोट हीच बांधते, हे मला तेव्हा कळलं. आमच्याकडे बाळंतपणानंतर पोट आवळून बांधायची पद्धत जुनी आहे. पोट सुटू नये म्हणून. मी अकोल्याची, माझ्या आईनेही माझं बांधलं होतं.

"हे तुम्ही बांधलं?"

"हाव. पोरगी रडून राह्यली होती, बाई. म्हने एवढं कापून घेतलं अन् मधात तसंच मोकळं. म्हनलं, रडू नको. मी एवढ्या बाया बांधल्या, एकीचं पोट सुटलं नाई. हे तं ताजं हाये, वळवलं तसं वळन."

मी रागावले की माझी प्रमाण मराठी पळून जाते. "अवो, ते पोट हाये का? आतमधी पिशव्या हायेत! कातडी मेली तिची तिथं, कातडी! फाटली तं पिशवी बाहीर येईन. मंग काय करान तुम्ही?"

वैशालीचं हसू तिथेच थिजलं. तिने मान खाली घालून तो काळा डाग बघितला. आधी बघितलाच नव्हता बहुतेक, पट्ट्याखाली होता. आणि मग ती आईकडे वळून इतकंच म्हणाली, "तू जाय इथून."

मी तिला त्याच दुपारी टेबलावर घेतलं. पिशव्या काढणं भाग होतं. दाब गेला तर कातडी वाचली असती, नाही तर मधोमध भोक पडलं असतं. डावी बाजू उघडली. खिसा थोडा ताणलेला, पण हद्द शाबूत. उजवी उघडली. बोट आत घालून मधल्या हाडाकडे नेलं, आणि बोट थांबलंच नाही. सरळ पलीकडे गेलं.

आता जे सांगते ते मी वर वगळलं होतं. तेव्हा मी ते स्वतःशीसुद्धा वगळलं होतं.

पहिल्या ऑपरेशनच्या सकाळी मी मार्करने तिच्या छातीवर खुणा करत होते, तेव्हा तिने माझा हात धरला होता. "मॅडम, थोडंसं. थोडंसं अजून जवळ. तुमच्या हातात हाये." मी हसून टाळलं. पण टेबलावर पिशव्या ठेवून तिला बसतं करून बघितलं, तेव्हा मधलं अंतर अजूनही रुंद दिसत होतं आणि तिचा चेहरा माझ्या डोक्यातून जात नव्हता. मी उजवीकडचे स्नायूचे काही धागे सोडवले. हद्दीच्या पुढे, अर्धा सेंटिमीटर. कोणाला कळण्यासारखं नव्हतं. मी ऑपरेशनच्या नोंदीतही लिहिलं नाही.

बोट आत ठेवून मी नुसती उभी राहिले. सिस्टरने दोनदा हाक मारली. लुगड्याने ढकललं होतं हे खरं, पण फाटलं होतं ते बरोबर तिथेच, जिथे मी कापलं होतं. डाव्या बाजूलाही तेवढाच दाब होता आणि तिथे काहीच झालं नव्हतं.

दोन्ही पिशव्या काढल्या. सुटलेली कातडी आणि स्नायू हाडावरच्या आवरणाला पक्के शिवले. बाहेर येऊन मी तिच्या आईला सांगितलं, "कातडी वाचेल असं वाटतं. आता पुन्हा बांधू नका." एवढंच. बाईने माझे पाय धरायला हात पुढे केले. मी मागे सरकले आणि केबिनमध्ये निघून गेले.

कातडी वाचली. खपली धरली, पडली, फिकट डाग राहिला. वैशाली सपाट छाती आणि दोन व्रण घेऊन घरी गेली. मला वाटलं, ही आता पुण्या-मुंबईला जाईल. सात महिन्यांनी तीच आली, एकटी.

"परत करा म्हन्ते मी. लहान साइजच्या टाका. रेघ नाई आली तरी चालते."

"आई नाही आली?"

"तिच्याशी बोलत नाई मी. तवापासून. तिनंबी बाया बांधनं सोडून देलं. कोनी बोलवाले आलं तं म्हन्ते, माह्या हाताले नाट लागली."

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सात महिने. एक म्हातारी बाई माझा अर्धा सेंटिमीटर आपल्या डोक्यावर घेऊन बसली होती, आणि मी तिला लेकीसमोर झापलं होतं. मला स्वतःची शिसारी आली. मी वैशालीला सगळं सांगितलं. मार्कर, धागे, न केलेली नोंद, सगळं. ती आरडाओरडा करेल, वकिलाचं नाव घेईल, असं मी गृहीत धरलं होतं.

तिने विचारलं, "मी म्हनलं म्हनून कापलं?"

"हो."

"मी तं म्हननच, मॅडम. मले काय समजते त्यातलं? तुम्ही काऊन आयकलं?"

मी टेबलावरचा चष्मा उचलून परत घातला.

तिने पर्समधून मोबाइल काढला, नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला. "तुम्हीच सांगा तिले. मी सांगितलं तं तिले वाटन, मी मन राखाले बोलून राह्यली."

मी सांगितलं. त्या बाईला समजेल अशा शब्दांत, काही न लपवता. पलीकडून आवाज आला, "लेक बसली हाये का तिथं? तिले द्या."

वैशाली फोन घेऊन बाहेर गेली. दारातूनच तिचं रडणं ऐकू आलं. मी पुढचा पेशंट थांबवून ठेवला.

तिचं दुसरं ऑपरेशन मी केलं. करू नका, दुसऱ्या कोणाकडे जा, असं मी तिला दोनदा सांगितलं होतं, ती ऐकेना. लहान इम्प्लांट, हद्दीच्या आत, दोन्ही बाजूंना सारखे. मधलं अंतर जन्माने होतं तेवढंच राहिलं. ऑपरेशनच्या नोंदीत मी पहिल्या ऑपरेशनची खरी हकिगतही लिहिली, माझ्या सहीनिशी.

हल्ली कोणी "थोडंसं अजून" म्हणालं की मी नाही म्हणते. काही जणी नाराज होऊन उठून जातात. जाऊ देते. पेशंटने मागावं, ते तिचं काम आहे. ऐकू नये, ते माझं होतं.