बाटलीभर सिंधू

कांबळेदादा गेल्याचा फोन आला तेव्हा इथे आखातात, मुहर्रकच्या माझ्या दुकानाचं शटर मी अर्धं उचललं होतं. माणूस गेला आणि माझ्या डोक्यात पहिलं काय आलं? बाटली! आता कबुली कुणाला देणार... शटर वर करायचं की खाली ओढायचं, तेच कळेना.

दादा मूळचे महाडचे, इथल्या अस्करच्या अॅल्युमिनियम कारखान्यात टेक्निशियन. मायदेशी परतलेल्या कुणा इंग्रज इंजिनिअरचं लॅटिन व्याकरण त्यांना सापडलं आणि गडी बिघडला. शुक्रवारी माझ्याकडे चहाचा ग्लास उंचावून सांगायचे, "सलीमशेठ, आपली सिंधू बघा. इराण्यांनी 'स'चा 'ह' केला, ग्रीकांनी 'ह' गिळून तिचा चक्क पुरुष केला, रोमनांनी तो तसाच उचलला. इंडुस!" मग विभक्तीचा पाढा: इंडुस, इंडी, इंडो, इंडुम... गिऱ्हाईक घाबरून बाहेर.

"दादा, या बेटावर साधी नदी नाही."

"म्हणून तर नाव जपायचं, शेठ."

मी सुट्टीत लेहला निघालो तेव्हा त्यांनी एकच मागितलं: बाटलीभर सिंधू. सुट्टीवर निघालेला आपला माणूस दहा जणांच्या फर्माइशी घेतो आणि एक हमखास विसरतो. मी नेमकी सिंधू विसरलो! आठवली ती परत इथल्या विमानतळावर उतरल्यावर. विमानात मिळालेली रिकामी बाटली हातात होती, ती नळाखाली धरली. खलास! दादांनी ती दोन्ही हातांनी घेतली, डोळे मिटले, पाढा म्हटला. मी हसू दाबलं. घरी गेल्यावर मात्र लाज वाटली. पुढची चार वर्षं दर शुक्रवारी ठरवलं, आज सांगू.

दादा गेल्यावर महिन्याभराने त्यांची मुलगी प्रज्ञा त्यांची तुबलीतली खोली आवरायला आली. तिला मराठी कळतं, बोलते इंग्रजीत. "अंकल, बाबा वॉन्टेड यू टू हॅव धिस." बाटली! त्यावर दादांच्या सुबक अक्षरात 'इंडुस'. सोबत वही. विभक्त्यांच्या तळाशी एक ओळ: 'सलीमने आणलेलं पाणी. मुहर्रकचं. विचारायचं नाही.'

मग मी टोपण पाहिलं. त्यावर इथल्याच बाटलीबंद पाण्याचं नाव, ठसठशीत अरबीत. दादांनी ते पहिल्याच दिवशी वाचलं असणार. मग डोळे मिटून पाढा कुणासाठी म्हटला? मला माफ केलं होतं, की माझी तगमग चार वर्षं चहाबरोबर चाखत होते? अजून उलगडत नाही...

बाटली आता चहाच्या किटलीशेजारी असते. गिऱ्हाईक विचारतं, "यात काय?"

"सिंधू," मी सांगतो, टोपणावर हात ठेवून.