काचा पुसणाऱ्याची गाडी

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी नगरमध्ये काचा पुसायचा धंदा करत होतो. धंदा म्हणायला मला अजूनही संकोच वाटतो. एक बादली, रद्दी पेपर, जुन्या धोतराचे तुकडे आणि बारा फुटांची बांबूची शिडी, एवढाच पसारा. पाऊस दोन वर्षं नीट झाला नव्हता. शहरभर धूळ उडायची आणि खिडक्यांच्या काचांतून पलीकडचं दिसेनासं व्हायचं. पाऊस पडावा असं मला मनापासून वाटायचं. फक्त त्यानं मी नुकत्याच पुसलेल्या काचांवर पडू नये, असंही वाटायचं.

अडचण शिडीची होती. कापड बाजारातून ती खांद्यावर घेऊन जाताना कुणी मागून हाक मारली की मी वळायचो, आणि माझ्याबरोबर शिडीही वळायची. एकदा एका दुकानापुढच्या दोरीवरच्या सगळ्या टोप्या शिडीच्या टोकाला लागून आल्या. तेव्हापासून मी मान न वळवता, चालता चालताच ओ द्यायला लागलो. काही मित्रांचा त्यावरून समज झाला की मला शिष्टपणा आला आहे.

अशात एका बँकेच्या मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. ते बँकेच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. म्हणाले, "इमारतीला अठ्ठावीस खिडक्या आहेत. नळाला दिवसाआड पाणी येतं, ते मी काचांना देणार नाही. पाणी तुझं तू आण. रविवारी दहाच्या आत येऊन एकदा करून दाखव. पटलं तर वर्षभराचं काम तुझं."

अठ्ठावीस खिडक्यांचं पाणी आणि शिडी एका माणसाला खांद्यावरून नेता येत नाही. म्हणजे गाडी घेणं आलं. मी गावी निरोप धाडला, कारण आमच्या घरात विकत घेण्याची मोठी वस्तू वडिलांनी बघितल्याशिवाय येत नसे. आमचं गाव पारनेर तालुक्यात. बैल पारखण्यात वडिलांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. लोक त्यांना बाजाराला मुद्दाम बरोबर न्यायचे.

ते रविवारी पहिल्या एसटीनं आले आणि स्टँडवरच म्हणाले, "हे बघ, म्या तुझ्या आईला सांगून आलोय. ह्ये काम मिळालं तर ऱ्हा हितं, शीक. न्हाई मिळालं तर गाठोडं बांध आन चल माज्यासंगं. आमी दोगं रस्त्याच्या कामावर खडी फोडतोय, तिसरा हात झाला तर बरंच."

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेज सोडायचं म्हणजे काय, हे मला घरात कुणाला समजावून सांगता येत नव्हतं. मी त्यांना घेऊन गाडी बघायला निघालो.

माळीवाड्याच्या मागे एकाच्या आवारात जुन्या गाड्या विकायला असत. आमच्या ऐपतीतल्या दोन निघाल्या. एक हातगाडी, रंग उडालेली, पण रुंद फळ्यांची आणि रबरी टायरची. दुसरी गारीगारवाल्याची तीनचाकी सायकल. पुढे पत्र्याची मोठी पेटी, पेटीवर गुलाबी रंग, वर पत्र्याचे दोन उभे मोर, आणि पुढच्या चाकाला जोडलेली घंटा.

वडिलांनी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या. हातगाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. वाकून तिच्या पोटाखाली बघितलं. मग गाडीवाल्याला विचारलं, "हिला काय खोड?"

"बाबा, गाडीला कसली खोड?"

"मधीच बसती का? एका अंगाला वढती का? उतारावर बिथरती का?"

"बाबा, ही गाडी आहे."

"ते दिसतंय मला," वडील म्हणाले आणि त्यांनी गाडीच्या पाठीवर थाप मारून पाहिली.

मग त्यांनी हातगाडीला नावं ठेवायला सुरुवात केली. फळ्या किडक्या, चाकं फेंगडी, दांडा बुटका. असली गाडी फुकट दिली तरी दारात उभी करणार नाही, म्हणाले. आणि मग तीनचाकीकडे वळले. "वा! ही बघ! काय रूप, काय रंग! ह्या मोरांकडं बघूनच मानूस गार व्हील. लई गुनाची हाय." एवढं बोलून ते तंबाखू आणायला म्हणून बाहेर पडले. जाताना मला म्हणाले, "हितंच थांब."

मी थांबलो. गाडीवाला म्हणाला, "कॉलेजवाले, वडिलांना सायकल आवडलेली दिसते. पण एक गिऱ्हाईक नऊला येणार आहे तिच्यासाठी."

साडेआठ वाजले होते. मला मोर काही फारसे पटले नव्हते. पण वडिलांना एवढं आवडलेलं मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या लग्नाचंही इतकं कौतुक केलं नव्हतं. त्यांच्या आनंदाच्या आड आपण येऊ नये, असं वाटून मी खिशातली सगळी शिल्लक काढून दिली. गाडीवाल्यानं ताबडतोब पेटीला कुंकू लावलं आणि चाकाखाली नारळ फोडला.

वडील परत आले तेव्हा मी खोबरं खात होतो.

"आरं, काय केलंस ह्ये?"

"आबा, तुम्हाला आवडली म्हणून..."

"मला? आरं बाजारात जी घ्यायची तिला नावं ठिवायची आन जी नगं तिला नावाजायचं! म्हंजी विकनारा ढिला पडतो! कालेजात ह्ये शिकवत न्हाईत?"

"नाही," मी म्हणालो. खरंच शिकवत नव्हते.

गाडीवाला म्हणाला, "बाबा, कुंकू लागलं, नारळ फुटला. आता ती तुमची." कुंकू लावलेला बैल त्यांनीही कधी परत घेतला नव्हता. त्यांनी निमूटपणे उरलेलं खोबरं उचललं.

आवारातल्या हापशावर आम्ही पेटी पाण्यानं भरली, शिडी पेटीवर लांबीनं बांधली आणि निघालो. मी सायकल मारत होतो. शिडीचं मागचं टोक धरून वडील पळत होते आणि औताला जुंपलेल्या बैलाला सांगावं तसं मला सांगत होते, "हां, हां, डावीकडं! दमानं!" चाक फिरलं की घंटा वाजायची. थांबवायची सोयच नव्हती. पहिल्या गल्लीत तीन पोरं मागे लागली. चितळे रोडला पोचेपर्यंत वीस-बावीस झाली.

"लाल हाय का?" एकानं विचारलं.

"न्हाई."

"पिवळं?"

"आरं, ह्यात पानी हाय नुसतं!" वडील ओरडले.

"मंग ते वितळलं का?"

बँकेपुढे पोचलो तेव्हा दहाला पाच कमी होते. मॅनेजरसाहेब गॅलरीत उभे होते. त्यांनी मोर पाहिले, पोरांची रांग पाहिली, आणि म्हणाले, "मी काच पुसणाऱ्याला बोलावलं होतं."

"तोच आहे साहेब," मी म्हणालो.

पोरं जाईनात. पेटी उघडून दाखवली तरी त्यांचा विश्वास बसेना. खाली कुठेतरी गारीगार असणारच, असं त्यांचं मत होतं. शेवटी ती पायऱ्यांवर बसली आणि माझं काम बघायला लागली. ओल्या पेपरनं घासायचं, कोरड्या पेपरनं चोळायचं, शेवटी धोतराचा तुकडा. इतक्या लोकांसमोर मी कधी काच पुसली नव्हती. म्हणून प्रत्येक काच मी दोनदा चोळत होतो.

सोळाव्या खिडकीला साहेब खाली उतरले आणि वडिलांजवळ उभे राहिले. मी शिडीवर होतो. सगळं ऐकू येत होतं.

"तुमचा मुलगा का? कसा आहे? काम टिकवेल ना?"

वडिलांनी वर बघितलं. माझ्याकडे नाही, काचेकडे. तिच्यात समोरचं कडुनिंबाचं झाड पानापानांसकट दिसत होतं. मग म्हणाले, "काय सांगावं साहेब. लई बेकार पोरगं."

माझा पाय एक पायरी खाली घसरला.

"ना आंगात जोर, ना हाताला वळन. शिडीवर बगळ्यावानी उभं ऱ्हातंय. आन त्ये कालेज म्हंजी तर निस्ता खुळेपना. कुनाला फुकट दिलं तरी घ्यायचं न्हाई असलं पोर."

साहेब दचकले. "अहो, मग मी तरी कशाला ठेवू?"

"नगाच ठिवू. म्या न्हेतो त्याला घरी, ह्या एसटीनं." आणि वडील खरोखरच वळून चार पावलं चालायला लागले.

"अहो, थांबा, थांबा!" साहेब म्हणाले. "नेता कुठं? ह्या इमारतीत अशी काच मी पहिल्यांदा बघतोय. वर्षभर येऊ दे त्याला. कॉलेज सांभाळून येऊ दे."

वडील थांबले. मागे न वळताच म्हणाले, "बघा बाबा. मागनं म्हनू नका, सांगितलं न्हाई."

मी सतरावी खिडकी पुसायला घेतली. बाहेरच्या बाजूनं कितीही पुसली तरी ती मला धूसरच दिसत होती.

संध्याकाळी वडिलांना पेटीवर बसवून मी स्टँडवर सोडलं. घंटा वाजत होती, मागे पोरं होती, आणि वडील दोन्ही हातांनी मोरांना धरून बसले होते. एसटीत चढताना त्यांनी वळून सायकलीकडे बघितलं.

"गाडी मातर झ्याक घेतलीस," ते म्हणाले. "लई गुनाची."

पुढच्याच महिन्यात मी ती विकली आणि हातगाडी आणली.